गियरबॉक्स झटके मारतोय? आधी इंजिनचे सेन्सर बघा : गॅरेजात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गॅरेज गोव्यात, डिचोली तालुक्यात, मुख्य रस्त्याला लागून. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर एएमटी, म्हणजे क्लच आणि गियर स्वतःच हाताळणारा गियरबॉक्स, आला आणि स्वस्त गाड्यांतूनही क्लचचं पेडल जायला लागलं. तोवर ऑटोमॅटिक म्हणजे पणजी-पर्वरीकडच्या बड्या लोकांची गाडी असंच आमच्याकडे धरून चालत. आता पेडण्याहून, वाळपईहून लोक ऑटोमॅटिक घेऊन येतात आणि दारातूनच सांगतात, "पात्रांव, गियरबॉक्स गेला." बऱ्याचदा तो गेलेला नसतो. तेच तेच प्रश्न इतक्यांदा येतात की एकदा लिहून काढलेलं बरं.

तक्रार गियरबॉक्सची, मग तुम्ही बॉनेट उघडून इंजिनचे सेन्सर का बघत बसता?

गियरबॉक्सचा स्वतःचा कॉम्प्युटर असतो, टीसीएम. पण इंजिन किती जोर लावतंय हे त्याला स्वतःला मोजता येत नाही. पाय रेसवर किती दाबलाय, इंजिनात हवा किती शिरतेय, कूलंट किती तापलंय, हे सगळं इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, गोळा करतो आणि कॅन लाइनच्या दोन वायरींवरून टीसीएमला कळवतो. त्यावरून टीसीएम हिशेब करतो आणि त्या जोराला पुरेल इतकं ऑइलचं प्रेशर आतल्या क्लचप्लेटांवर देतो.

गोम इथेच आहे. जोर जास्त आणि प्रेशर कमी, तर प्लेटा घसरतात. घसरल्या की तापतात आणि तापत राहिल्या की जळतात. प्रेशर गरजेपेक्षा जास्त झालं तर प्लेटा घट्ट बसतात, पण प्रत्येक गियर बदलताना पाठीत गुद्दा बसतो. आता हवा मोजणारा सेन्सर धुळीने माखला आणि खऱ्यापेक्षा कमी हवा सांगू लागला असं समजा. टीसीएमला वाटतं, गाडी निवांत चाललीय. प्रत्यक्षात तुम्ही पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन चोर्ला घाट चढत असता.

आणखी एक व्यवहार या दोघांत चालतो. गियर बदलायच्या क्षणी टीसीएम ईसीएमला सांगतो, जरा जोर आवर. ईसीएम स्पार्क किंचित उशिरा देतो, गियर पडतो, जोर परत येतो. सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. इंजिन आधीच मिसिंग मारत असेल, म्हणजे मध्येच एखादा स्फोट चुकवत असेल, तर हा मेळ बसत नाही, आणि मालकाला वाटतं गियरबॉक्सच झटका देतोय.

नेमका कोणता सेन्सर बिघडला की काय होतं?

सगळ्यांची यादी देत नाही. आमच्याकडे ज्यांची गाऱ्हाणी येतात तेवढे सांगतो.

हवेचे सेन्सर दोन जातीचे. काही गाड्यांत एअर फिल्टरच्या पुढे तापलेल्या बारीक तारेचा मास एअरफ्लो सेन्सर असतो. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत त्याऐवजी इनटेक मॅनिफोल्डवर मॅप सेन्सर असतो, तो आतला दाब मोजतो. दोन्हींचं काम एकच : इंजिनवर किती भार आहे ते सांगणं. हे चुकले की गियर लवकर किंवा उशिरा पडतात, चढावर घसरल्यासारखं वाटतं.

थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेत, कार्बन साठला की पाय आणि इंजिन यांचं जमत नाही. ट्रॅफिकमध्ये पाय ठेवला की गाडी अडखळते, मग एकदम उडी मारते. पर्वरीच्या रांगेत रोज अडकणाऱ्यांची ही ठरलेली तक्रार.

क्रँक सेन्सर इंजिनचे फेरे सांगतो. टीसीएम ते गियरबॉक्सच्या आतल्या इनपुट स्पीड सेन्सरशी ताडून बघतो. दोन्हींतला फरक म्हणजे इंजिन आणि गियरबॉक्स जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर किती घसरतोय त्याचं माप. क्रँकचा सिग्नल मध्येच तुटला तर बहुतेक वेळा इंजिनच बंद पडतं. पण नुसता अडखळत असेल तर आधी गियरवर नाव येतं.

ब्रेक पेडलचा स्विच तर सगळ्यात दुर्लक्षित. पाय ब्रेकवर आहे असं कळलं की टीसीएम लॉकअप सोडतो. स्विच अडकून सतत "ब्रेक दाबलाय" असं सांगत राहिला तर अनेक गाड्यांत लॉकअप लागतच नाही. उलट तो मेलाच तर लिव्हर पी, म्हणजे पार्कमधून हलत नाही. रात्री गाडी भिंतीकडे पाठ करून लावा आणि पेडल दाबून-सोडून बघा. मागचे दिवे वेळेवर लागत-विझत असतील तर निदान पहिली शंका मिटली.

ऑक्सिजन सेन्सरचा गियरबॉक्सशी थेट संबंध नाही. पण तो म्हातारा झाला की पेट्रोलचं प्रमाण बिघडतं, मिसिंग सुरू होतं, आणि पुढचं वर आलंच आहे.

लॉकअप लॉकअप म्हणता, ते काय असतं?

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गियरबॉक्स ऑइलमधून जोडलेले असतात. त्यामुळे थोडी घसरण कायमच राहते आणि तिची उष्णता होते. गाडीने एकसारखा वेग पकडला की आतला एक क्लच दोघांना घट्ट बांधतो. घसरण बंद, ऑइल थंड, ॲव्हरेज चांगलं. मात्र इंजिन पुरेसं तापल्याशिवाय टीसीएम सहसा लॉकअप लावत नाही. इंजिन तापलं की नाही हे त्याला सांगतो कूलंट टेम्परेचर सेन्सर.

यावरून एक किस्सा. चवथीच्या आधीची गोष्ट. साखळीहून एक काका पेट्रोल सेदान घेऊन आले. ॲव्हरेज चौदावरून दहावर, हायवेवर ऐंशीला इंजिन तीन हजारांवर ओरडतंय, वरचा गियर पडत नाही. दुसरीकडे त्यांना गियरबॉक्स खोलायला सांगितला होता आणि खर्चाचा आकडा लाखाच्या वर होता. गाडी रात्री आमच्याकडे ठेवून घेतली. सकाळी इंजिन गार असताना चावी फिरवली, तर स्टार्टर मारायच्या आधीच रेडिएटरचा फॅन घुमायला लागला. स्कॅनर लावला. कूलंटचं तापमान : उणे चाळीस.

डिचोलीत उणे चाळीस! सेन्सरची वायर तुटली किंवा कपलरची, म्हणजे वायर जोडायच्या सॉकेटची, पिन सुटली की कॉम्प्युटरला हाच आकडा दिसतो. कपलर काढला तर आत एक पिन हिरवीगार, तांब्याच्या जुन्या भांड्याला कळकतं तशी. पिन बदलली, आत डायइलेक्ट्रिक ग्रीस भरलं आणि डिचोली-म्हापसा एक फेरी मारली. ऐंशीला काटा दोन हजारांच्या आसपास स्थिर झाला. काकांनी बिल बघून दोनदा विचारलं, "एवढंच?"

थर्मोस्टॅट उघडा अडकला तरी असंच होतं. इंजिन नीट तापतच नाही. त्याचा कोड, म्हणजे स्कॅनरवर दिसणारा बिघाडाचा क्रमांक, बहुतेक गाड्यांत पी०१२८. गोव्यात थंडी नाही म्हणून लोक थर्मोस्टॅट काढूनच टाकायचे. जुन्या डिझेल जीपना ते खपलं, ऑटोमॅटिकला खपत नाही.

माझी एएमटी आहे. हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्यांसाठीच ना?

एएमटी आतून साधा मॅन्युअल गियरबॉक्सच. फक्त क्लच दाबायचं आणि गियर टाकायचं काम ॲक्च्युएटर करतो. त्यात लॉकअप नाही, पण क्लच कुठे पकडायचा हे इंजिनचे फेरे आणि थ्रॉटल बघूनच ठरतं. कार्बनने आयडलिंग वरखाली होत असेल तर क्लच सुटताना गाडी थरथरते आणि क्लचप्लेट लवकर झिजते.

सीव्हीटी या ऑटोमॅटिकच्या प्रकारात गियरांऐवजी पट्टा आणि पुली असतात, त्यांच्यावर दाब ठेवावा लागतो. इंजिनचा जोर कमी समजला गेला तर पट्टा घसरतो आणि पुलीवर ओरखडे उठतात. मग दुरुस्ती अशी फारशी राहत नाही, आख्खं युनिट बदलावं लागतं. म्हणून सीव्हीटीवाल्यांनी चेक लाइट लागल्यावर "बघू पुढच्या आठवड्यात" करू नये. डीसीटीत दोन क्लच असतात. कोरड्या क्लचचा प्रकार असेल तर ट्रॅफिकमध्ये इंच इंच पुढे सरकण्याने तो तापतो. सेन्सरचा घोळ त्यात भरच घालतो.

गोव्यात सेन्सर जास्त बिघडतात का?

सेन्सरपेक्षा कपलर आणि वायरिंग जास्त. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतच पाणी, त्यात किनाऱ्याकडे मीठ. पिना हिरव्या पडतात, बॉडी अर्थिंगच्या बोल्टाखाली गंज चढतो. अर्थिंग सैल झालं की एकाच वेळी चार सेन्सरांचे कोड येतात, आणि माणूस चारही सेन्सर बदलत सुटतो. एकाच दिवशी चार सेन्सर मरत नसतात. आधी बॅटरीच्या निगेटिव्हची वायर बॉडीला आणि इंजिनला जिथे जोडलीय तो बोल्ट उघडून घासा.

फेरीने रोज ये-जा करणाऱ्यांचं आणखी एक. भरतीच्या वेळी रॅम्पवर खारं पाणी असतं आणि चाकं त्यातूनच चढतात-उतरतात. व्हील स्पीड सेन्सर चाकाच्या हबजवळच बसलेला. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत वेगाची माहिती या एबीएसच्या सेन्सरांकडूनच येते. एक गेला की एबीएसचा दिवा लागतोच, पण काही गाड्यांत गियरही चुकीच्या वेळी उतरायला लागतात. आठवड्यातून एकदा चाकांच्या आतल्या बाजूला गोड्या पाण्याचा पाइप मारा. प्रेशर वॉशरचा फवारा मात्र कपलरवर थेट धरू नका.

सत्तरीत आणि खाणपट्ट्यात तांबडा धुरळा. तिथे कंपनीच्या पुस्तकातलं एअर फिल्टरचं अंतर विसरा, निम्म्यावर उघडून बघा. आणि उंदीर! पावसाळ्यात माडाखाली लावलेल्या गाडीत ते उबेला येतात. गेल्या पावसात एका गाडीच्या इंजिनवर अर्धी करवंटी आणि कुरतडलेली वायर शेजारी शेजारी सापडली. गाडी तिसऱ्या गियरमध्ये अडकली होती, कारण टीसीएमला ईसीएमचा आवाजच पोचत नव्हता. कोड आला यू०१००.

चेक लाइट लागलेला नाही. म्हणजे सेन्सर ठीकच ना?

तसं समजू नका. सिग्नल पूर्ण तुटला किंवा मर्यादेबाहेर गेला की कोड येतो. दहा-पंधरा टक्के खोटं बोलणारा सेन्सर मर्यादेतच राहतो आणि दिवा गप्प असतो. नुकसान नेमकं याच काळात होतं, कारण मालकाला काही कळतच नाही.

मोबाईलवर बघायचं ते छोटं यंत्र घेऊ का?

घ्या. ब्लूटूथचा स्वस्त ओबीडी डोंगल मिळतो. तो बहुधा इंजिनचेच कोड दाखवतो, गियरबॉक्सच्या आत पोचत नाही. पी०७०० दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की टीसीएमकडे स्वतःची तक्रार नोंदलेली आहे. ती वाचायला मोठा स्कॅनर लागतो.

पण कोडपेक्षा चालू आकडे बघण्यात खरी मजा आहे. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी स्टार्ट न करता नुसती चावी ऑन करा. कूलंट आणि आत येणारी हवा, दोन्हींचं तापमान जवळजवळ सारखं हवं. आपल्याकडे पंचवीस-तीसच्या आसपास. एक अठ्ठावीस आणि दुसरं पंचेचाळीस असेल तर एक सेन्सर खोटं बोलतोय. त्याच वेळी मॅप सेन्सर शंभर किलोपास्कलच्या आगेमागे दिसला पाहिजे, कारण इंजिन बंद असताना तो बाहेरचा हवेचा दाबच वाचतो आणि आपण समुद्राला खेटून आहोत. चोर्ल्याच्या माथ्यावर थांबून हेच बघा, आकडा नव्वदीच्या घरात उतरलेला दिसेल. तिथेही शंभरच दाखवत असेल तर सेन्सर झोपलाय. इंजिन गरम होऊन एसी बंद ठेवून आयडलिंगला असेल तेव्हा तो साधारण तीस ते चाळीस.

बॅटरीचा आकडाही तिथेच दिसतो. बंद गाडीत १२.४ च्या खाली आणि स्टार्टर मारताना दहाच्या खूप खाली जात असेल तर आधी बॅटरी बघा. कमी व्होल्टेजवर कॉम्प्युटर भलतेसलते कोड टाकतात.

साठ-सत्तरच्या वेगाला गाडी थरथरते, रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी. हे मिसिंग की गियरबॉक्स?

यात भले भले चकतात. एक साधी युक्ती आहे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागे कुणी नसताना, रेस तशीच हलकी धरून डाव्या पायाने ब्रेक पेडलला फक्त स्पर्श करा, दिवा लागण्यापुरता. लॉकअप सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर संशय लॉकअपच्या क्लचवर किंवा ऑइलवर. चालूच राहिली तर प्लग, कॉइल, इंजेक्टर बघा. डाव्या पायाची सवय नसेल तर हे करू नका, शेजारी बसून आम्ही बघू.

सेन्सर घरी साफ करता येतो का?

हवेच्या तारेवाला सेन्सर येतो, पण फक्त त्याच्यासाठीच्या स्प्रेने. बॅटरीची वायर काढा, सेन्सर सोडवा, लांबून आठ-दहा फवारे मारा, पूर्ण सुकू द्या. बोट लावायचं नाही, कापूस लावायचा नाही, कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. धंद्याच्या सुरुवातीला मी कार्बोरेटर क्लीनर मारला होता आणि तार गेली. गिऱ्हाइकाला नवा सेन्सर स्वतःच्या खिशातून घालून दिला. तेव्हापासून दोन्ही डबे वेगवेगळ्या कपाटांत असतात. तेल लावायचा स्पोर्ट्स फिल्टर बसवला असेल तर त्यातलं तेल उडून तारेवर बसतं, हेही ध्यानात ठेवा. मॅप आणि तापमानाचे सेन्सर सहसा साफ करायचे नसतात. त्यांचे कपलर तपासायचे.

थ्रॉटल बॉडी आमच्याकडे आणा. पाकळी हाताने जोरात ढकलली तर आतला मोटर-गियर दुखावतो, आणि साफ केल्यावर आयडलिंग पुन्हा शिकवावं लागतं.

बॅटरी अर्धा तास काढून ठेवली की सगळं रिसेट होतं म्हणे?

इंजिनच्या आठवणी काही गाड्यांत पुसल्या जातात. गियरबॉक्सच्या बहुधा नाही. टीसीएम प्लेटांच्या झिजेप्रमाणे प्रेशर जुळवून घेत असतो. सहा महिने त्याला चुकीची माहिती मिळाली तर त्याने चुकीचीच सवय लावून घेतलेली असते. म्हणून सेन्सर बदलल्यावर स्कॅनरने ती सवय पुसून नवी शिकवणी घ्यावी लागते. थंड ते गरम, हलक्या रेसवर सगळे गियर, मध्ये पूर्ण थांबे. यात अर्धा-पाऊण तास जातो आणि त्याचे पैसे आम्ही लावतो.

उलटही होतं. प्लेटा खरोखरच झिजल्या असतील तर टीसीएमने इतके दिवस सांभाळून घेतलेलं असतं. सवय पुसली की गाडी आधीपेक्षा वाईट चालते. त्यामुळे ऑइल बघितल्याशिवाय आम्ही रिसेटला हात लावत नाही.

गियर ऑइल "लाइफटाइम" आहे असं सांगितलंय.

पुस्तकात कठीण वापराचं वेगळं कोष्टक असतं, ते उघडा. घाट, उकाडा, ट्रॅफिक, धुळीचा रस्ता, हे सगळं त्यात बसतं, म्हणजे आपण बसतो. ऑइल करपल्यासारखं वासतंय आणि काळपट झालंय तर वेळ टळत चाललीय. कुठलं घालायचं ते पुस्तकच सांगतं. सीव्हीटीत साधं एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑइल, घालणं म्हणजे नसती आफत ओढवून घेणं.

गाडी अचानक एकाच गियरमध्ये अडकली. घरापर्यंत नेऊ?

याला लिम्प मोड म्हणतात. माहितीवर भरवसा राहिला नाही की टीसीएम एक गियर आणि भरपूर प्रेशर धरून ठेवतो, म्हणून झटका बसतो. प्लेटा वाचवायचाच तो उपाय. जवळ असाल तर सावकाश या. अनमोड किंवा करमल घाटात असाल तर बाजूला घ्या आणि क्रेन बोलवा. टो करताना इंजिनचा जोर ज्या चाकांवर जातो ती उचललेली हवीत, बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची; चारचाकी ड्राइव्ह असेल तर गाडी फ्लॅटबेडवरच. दिवा लागलेला असतानाच फोटो काढून ठेवा; चालू-बंद करून तो गेला तरी कोड कॉम्प्युटरच्या आठवणीत राहतो.

कॉपी सेन्सर चालेल का?

तापमानाचा एखादवेळी चालतो. हवेचा आणि क्रँकचा नाही. बाजारात हुबेहूब डबीत नकली माल येतो. तारेचा आकडा गरम इंजिनला आयडलिंगवर ओरिजिनलपेक्षा वेगळा दिसला की आम्ही परत पाठवतो.

सेन्सर बदलला, कपलर साफ केले, शिकवणीही झाली. तरी झटका आहे. आता?

आता गियरबॉक्स. माहिती दुरुस्त झाली म्हणून जळलेली प्लेट परत येत नाही. पेडण्याच्या एका टॅक्सीवाल्या भावाने चार महिने दिवा लागलेला असताना मोपा विमानतळाच्या फेऱ्या मारल्या. हवेचा सेन्सर बदलल्यावर एक दिवस गाडी छान चालली. दुसऱ्या दिवशी चेंबर उघडलं, तर मॅग्नेटवर बोटभर काळा गाळ आणि त्यात प्लेटेच्या अस्तराचे तुकडे. त्या तुकड्यांतला एक आम्ही काउंटरवर बाटलीत ठेवलाय. बघायचा असेल तर या, दुपारी एक ते तीन बंद असतं.